पोटातले जंतू, सुजलेली बोटं आणि रविवारची गोळी

पत्र थोडक्यात: वय ३६, तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरी नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मागच्या पावसाळ्यात दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली, सकाळी दीड-दोन तास मूठ वळायची नाही, फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आणि रुमॅटॉइड आर्थरायटिस हा संधिवात निघाला. सहा महिने झाले, दर रविवारी मेथोट्रेक्सेट आणि रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) या त्यावरच्या गोळ्या चालू आहेत. ताठरपणा वीस मिनिटांवर आलाय, पण सोमवारी दिवसभर मळमळतं. नणंदेने तीन महिन्यांचा एक 'गट रीसेट' (इंग्रजीत गट म्हणजे आतडं) प्रोग्राम सुचवलाय, फी बरीच आहे. त्यांनी शौचाची टेस्ट करून घेतली, रिपोर्टमध्ये प्रिवोटेला कोप्री नावाच्या बॅक्टेरियासमोर लाल खूण आहे. 'आतडं लीक होतंय' म्हणाले, गहू-दूध-डाळी-टोमॅटो-वांगी बंद करायला सांगितलं, आणि मेथोट्रेक्सेट आतड्यातले चांगले जंतू मारतं म्हणून आधी ती गोळी थांबवा असंही सांगितलं. सासूबाई म्हणतात पोट साफ नसतं म्हणूनच आमवात झाला. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही, गोळ्या घ्या. ताई विचारतात: खरं कोणाचं? तीन महिने गोळी थांबवून बघू का? आणि वर्षानुवर्षं चहा-खारी खाऊन, मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक्स आणून हे मीच ओढवून घेतलं का?

ताई, येत्या रविवारची गोळी चुकवू नका. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताची डॉक्टर नाही, मायक्रोबायॉलॉजी शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे जंतूंचं मोठेपण सांगायची संधी मी सहसा सोडत नाही, आणि तरीही हे सांगतेय.

आता नणंदबाईंकडे वळू. त्या सांगतायत ते सगळंच रीलवरचं थोतांड आहे असं समजू नका. सांधे आणि आतड्यातले बॅक्टेरिया यांचा संबंध आहे, आणि त्यावर जगभर अगदी गंभीर काम चालू आहे. डॉक्टर "काही संबंध नाही" म्हणाले ते बहुधा घाईत म्हणाले, ओपीडीत बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना "संबंध आहे पण त्याचं उपचारात रूपांतर करण्याइतकं अजून हातात नाही" एवढं लांब वाक्य कोण बोलणार, म्हणून ते "संबंध नाही" एवढंच होऊन बाहेर पडतं. आणि मग पेशंटला वाटतं की डॉक्टरांना हे माहीतच नाही, रीलवाल्यांना माहितेय. इथून गाडी घसरते.

तर माहीत काय आहे ते बघू. रुमॅटॉइडमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेल. पण तुमची ती अँटी-सीसीपी नावाची अँटिबॉडी, ती बोटं सुजायच्या कितीतरी आधी, काही जणांच्या रक्तात तर काही वर्षं आधीपासून सापडते. म्हणजे सांधे शांत असताना शरीरात दुसरीकडे कुठेतरी हे सगळं सुरू झालेलं असतं. कुठे? संशय तीन जागांवर आहे: हिरड्या, फुप्फुसं आणि आतडं. तिन्ही ठिकाणी बाहेरचे जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती रोज समोरासमोर येतात.

प्राण्यांमधले पुरावे तर फारच बोलके आहेत. एचएलए-बी२७ हा माणसाचा जीन घातलेले उंदरासारखेच पण आकाराने मोठे प्राणी, म्हणजे लॅबमधले रॅट, त्यांना आतड्याची आणि सांध्यांची सूज येते. पण तेच रॅट पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, आतड्यात एकही जंतू नाही असे, तर ती सूज येतच नाही, हे १९९४ मध्ये छापून आलं. पुढे २०१० मध्ये संधिवात होणाऱ्या उंदरांवर उलट दिशेने तेच दिसलं: निर्जंतुक ठेवले तेव्हा आजार खूपच सौम्य होता, आणि आतड्यात एकच एक जातीचा धाग्यासारखा बॅक्टेरिया सोडला की आजार पुन्हा जोरात.

माणसांमध्ये गाजलेला अभ्यास २०१३ चा, न्यूयॉर्कमधला. ज्यांना रुमॅटॉइड नुकताच झालाय आणि अजून एकही औषध सुरू नाही अशा लोकांच्या शौचाचे नमुने तपासले तर ४४ पैकी ३३ जणांत, म्हणजे ७५ टक्क्यांत, प्रिवोटेला कोप्री सापडला. निरोगी लोकांत तो साधारण २१ टक्क्यांत होता. तुमच्या रिपोर्टवरची लाल खूण इथून आलीये. गंमत म्हणजे याच अभ्यासात, ज्यांना आजार जुना होता आणि उपचार चालू होते अशांच्यात हा बॅक्टेरिया निरोगी माणसांपेक्षाही कमी लोकांत सापडला, जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास. हा दुसरा आकडा रीलमध्ये कधीच येत नाही. आजार सगळ्यांचाच काही गेला नव्हता, पण बॅक्टेरिया मात्र क्वचितच सापडला.

म्हणजे संबंध खरा आहे. तुमच्या पत्रात मला जे खटकलं ते त्याच्या पुढचं वाक्य आहे: "सुरुवात पोटातून झाली असेल तर पोट नीट केलं की सांधे नीट व्हायला हवेत ना?" ऐकायला अगदी सरळ वाटतं हे. पण कडब्याच्या गंजीला कोणी काडी लावली हे कळलं, ती काडी सापडली आणि विझवलीही, तरी गंजी जळतच राहते. एकदा प्रतिकारशक्तीने ओळख चुकवली आणि ती चुकीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार झाल्या की मग मूळ जंतू आतड्यात आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही.

आणि हा काही माझा तर्क नाही, याचं रोजच्या प्रॅक्टिसमधलं उदाहरण आहे. रिअॅक्टिव्ह आर्थरायटिस म्हणून एक प्रकार असतो. लग्नात किंवा गाड्यावर काहीतरी खाऊन जोरदार जुलाब होतात, साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असतात, जुलाब थांबतात, आणि एक ते चार आठवड्यांनी एक गुडघा किंवा घोटा टम्म सुजतो. इथे गुन्हेगार कोण हे बऱ्याचदा माहीत असतं, तारीखसुद्धा माहीत असते. तरीही जुलाबानंतरच्या या सुजेला अँटिबायोटिक देऊन सहसा फायदा होत नाही, सूज कमी करणारीच औषधं द्यावी लागतात. जिथे जंतूचं नाव-गाव ठाऊक आहे तिथे ही परिस्थिती, मग तुमच्या आजारात, जिथे दहा संशयित आहेत आणि कोणावरच पक्का गुन्हा सिद्ध नाही, तिथे तीन महिन्यांचा रीसेट काय करणार?

आता त्या लाल खुणेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला त्या रिपोर्टचा खरंच राग आलाय.

प्रिवोटेला हा भाजी-भाकरी खाणाऱ्यांच्या पोटातला अगदी नेहमीचा रहिवासी आहे. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या, म्हणजे भरपूर चोथा आणि पिष्टमय पदार्थ जिथे खाल्ले जातात तिथे तो सुखाने नांदतो. मांस, चरबी, मैदा जास्त खाणाऱ्या पाश्चात्त्य शहरांमध्ये तो कमी लोकांत असतो, त्यांच्यात बॅक्टेरॉइडिस नावाचं दुसरं कूळ जास्त. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या टीमने भारतीय लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांवर खूप वर्षं काम केलं, आणि निरोगी भारतीयांमध्ये प्रिवोटेलाचं प्रमाण ठळकपणे जास्त असतं हे तिथून आणि नंतर देशभरच्या इतरही अभ्यासांतून दिसलंय. मग न्यूयॉर्कच्या पोटाला नॉर्मल धरून छापलेल्या रिपोर्टमध्ये आपल्याकडच्या कुणाचीही शी पाठवली तरी लाल खूण उमटायची शक्यता भरपूर. तुमच्या सासूबाईंचा नमुना पाठवून बघा, त्यांच्याही समोर बहुधा उमटेल, आणि त्यांची बोटं ठणठणीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या कार्यक्रमाचा भाग म्हणून. तिथे रुमॅटॉइड आर्थरायटिस साधारण अर्धा टक्का मोठ्या माणसांत निघाला, म्हणजे दोनशेत एक. भाकरी खाणारं गाव ते. प्रिवोटेला असणं म्हणजेच आजार असतं तर हा आकडा असा नसता. त्यात हा बॅक्टेरिया म्हणजे काही एकच एक प्राणी नाही, त्याच्या आत बरेच वेगवेगळे वंश आहेत, त्यातला एखादा खोडकर असेल आणि बाकीचे गरीब असतील, आणि तुमचा रिपोर्ट हे वेगळं करून दाखवत नाही. (मधे याचं नावही बदललं, आता शास्त्रज्ञ त्याला सेगाटेला कोप्री म्हणतात, त्यामुळे पुढच्या रिपोर्टात हे नाव दिसलं तर नवीन संकट आलं असं समजू नका.)

अशी टेस्ट करा म्हणून कोणी मागे लागलं तर एकच प्रश्न विचारायचा: रिपोर्ट चांगला आला असता तर तुम्ही मला काय वेगळं दिलं असतं? तुमच्या बाबतीत उत्तर माहितेय, तेच पॅकेज दिलं असतं. मग टेस्ट कशासाठी?

आता मेथोट्रेक्सेट चांगले जंतू मारतं हा मुद्दा. आतड्यातल्या काही बॅक्टेरियांवर या औषधाचा परिणाम होतो, हे खोटं नाही. पण जे लोक आतडं आणि संधिवात यावर आयुष्यभर काम करतायत त्यांनी यावरून काय केलं बघा. न्यूयॉर्कच्याच त्या गटाने २०२१ मध्ये असा अभ्यास मांडला की औषध सुरू करायच्या आधी आतड्यात कोणते बॅक्टेरिया आहेत यावरून मेथोट्रेक्सेट कोणाला लागू पडेल याचा अंदाज बांधता येतो का. म्हणजे त्यांना ही गोळी बंद करायची नाहीये, आतड्याची मदत घेऊन ती जास्त चांगली वापरायचीये.

औषध एका बाजूला आणि आतडं दुसऱ्या बाजूला अशी लढाईच नाहीये हो ही. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण सल्फासलाझिन. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टर होत्या, आपल्याकडे नाना म्हटलं की धोतर-टोपी डोळ्यांपुढे येते पण या बाई, आणि कॅरोलिन्स्कासारख्या संस्थेत त्या काळी प्रोफेसर झालेल्या. रुमॅटॉइड हा जंतूंमुळे होतो असं त्यांना वाटायचं म्हणून त्यांनी जंतू मारणारं सल्फा आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट अशी जोडगोळी एकत्र बांधून घेतली, १९३०च्या दशकाच्या शेवटी आणि ४०च्या सुरुवातीला. ते औषध आजही रुमॅटॉइडला देतात. आणि ते काम कसं करतं माहितेय? मोठ्या आतड्यातले बॅक्टेरियाच ती गाठ तोडतात, तेव्हा त्याचे दोन भाग मोकळे होतात. जंतू मारायला काढलेलं औषध जंतूंच्याच मदतीने चालतं.

पण त्याच कल्पनेची दुसरी बाजू भीषण आहे, आणि तुमच्या "मीच ओढवून घेतलं का"साठी ती माहीत असायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-इंग्लंडमध्ये डॉक्टरांची खात्री होती की शरीरात कुठेतरी जंतूंचा अड्डा दबून बसलाय आणि तिथून सांधे बिघडतायत. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने १९१२ च्या सुमारास ही कल्पना जोरात मांडली. मग काय, सांधे दुखतायत म्हणून लोकांचे दात काढले, धडधाकट दात, टॉन्सिल काढले, आणि लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचा बडा सर्जन तर मोठं आतडंच काढून टाकायचा. १९३८ मध्ये रसेल सेसिल, जो आधी स्वतः या मताचा होता, त्याने सहकाऱ्याबरोबर रुमॅटॉइडच्या २०० पेशंटचा हिशोब मांडला आणि याने काही साधत नाही असं लिहिलं. तोवर किती माणसं बोळकी झाली असतील. तेव्हाही पेशंटला हेच सांगत असणार, तुमचंच पोट घाण आहे. आज शस्त्रक्रियेऐवजी कॅप्सूल आल्या एवढंच.

त्यामुळे चहा-खारीचा हिशोब आता मिटवा. आजार कोणाला होतो यात घराण्यातले जीन्स आहेत, बाई असणं आहे कारण बायकांमध्ये हा दोन-तीन पट जास्त दिसतो, धूम्रपान आहे, हिरड्यांचे आजार आहेत, आणि बरंचसं निव्वळ नशीब आहे. तुम्ही घेतलेल्या त्या अँटिबायोटिक्सनी काही केलं की नाही हे तुमच्या बाबतीत कोणीही सांगू शकत नाही, जो सांगेल त्याला काहीतरी विकायचं असेल. पुढे मेडिकलमधून परस्पर आणू नका हे आहेच, पण ते सगळ्यांनाच लागू आहे. तुमच्या शाळेत तीच खारी खाणाऱ्या बाकीच्या बाईंचे हात बरे आहेत ना?

मग गोळी तीन महिने थांबवली तर काय होईल? कदाचित पहिले काही आठवडे काहीच होणार नाही. मेथोट्रेक्सेटचा असर हळूहळू उतरतो, मळमळ गेल्याने उलट बरंच वाटेल, आणि त्याचं श्रेय रीसेटला जाईल. अशा गोष्टी "लागू पडल्या" म्हणून जे सांगतात ना, त्यातल्या बऱ्याच इथेच असतात. मग सूज परत येते. आणि या आजारात पहिली एक-दोन वर्षं फार मोलाची असतात, सूज दाबून ठेवली तर हाड वाचतं, नाही ठेवली तर हाडाची कड कुरतडली जाते, आणि ते कुरतडलेलं हाड नंतर कोणत्याही गोळीने परत येत नाही. दीड-दोन तासांवरून वीस मिनिटांवर आलात तुम्ही! पत्रात हे तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि मळमळीवर मोठा परिच्छेद आहे.

मळमळ खरी आहे, ती सहन करत बसू नका, तिच्यावर उपाय आहेत. फॉलिक अॅसिड देतात का, किती आणि कोणत्या दिवशी, ते विचारा. गोळी रविवारी रात्री जेवणानंतर घेतली तर बराच त्रास झोपेत जातो. तेवढाच डोस त्याच दिवशी सकाळ-रात्र विभागून देता येतो, आणि तरीही नाही जमलं तर गोळीऐवजी आठवड्याला एक इंजेक्शन असतं, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायचं, त्याने बऱ्याच जणांची मळमळ कमी होते. हे सगळं डॉक्टरांना विचारून, स्वतः डोस हलवू नका. ही गोळी आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा पाकिटावर मोठ्या अक्षरांत रविवार लिहून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा दम लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच फोन. आणि दुसऱ्या बाळाचा विचार मनात असेल तर तो आत्ताच डॉक्टरांना सांगा, कारण या औषधावर असताना दिवस राहून चालत नाही, काही महिने आधी औषध बदलावं लागतं.

आतड्याचं मग काहीच करायचं नाही का? करायचं की. गोळीच्या जोडीने करायचं.

१९९१ मध्ये नॉर्वेत एक अभ्यास झाला, ५३ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना आधी सात ते दहा दिवस जवळजवळ उपास, मग काही महिने दूध-गहूसुद्धा नसलेला शाकाहार आणि पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दूध चालणारा शाकाहार. त्या गटाचे सांधे बऱ्यापैकी सुधारले. यात नेमकं कशामुळे बरं वाटलं, उपासाने, गहू सोडल्याने की भाज्यांनी, हे वेगळं काढता येत नाही, शिवाय आपण काय खातोय हे पेशंटला माहीत असतंच, त्याचाही परिणाम होतो. अलीकडे २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये १६ आठवडे वनस्पतीजन्य आहार, व्यायाम, झोप आणि ताण कमी करणं असं एकत्र करून बघितलं, औषधं तशीच चालू ठेवून, आणि सांध्यांची सूज मोजणाऱ्या स्कोअरमध्ये फरक दिसला. अमेरिकेतल्या रुमॅटॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीचा आहार सुचवलाय आणि बाकी विशिष्ट डाएट आणि सप्लिमेंटच्या मागे लागू नका असं म्हटलंय. कारण असं सांगतात की चोथा खाऊन आतड्यातले बॅक्टेरिया ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि ती प्रतिकारशक्तीला शांत करणाऱ्या पेशींना बळ देतात.

आता ऑलिव्ह ऑइल आणि सॅमन आणायला नाशिकच्या मॉलमध्ये जाऊ नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, शेंगदाणे, ऋतूचं फळ, वाटीभर दही किंवा ताक, मासे खात असाल तर बांगडा किंवा तारली. फरसाण, खारी, पॅकेटमधलं गोड कमी. चोथा एकदम वाढवला तर पोट डमरू होतं आणि मग लोक म्हणतात डाळी मला बाधतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. गंमत बघा, त्या पॅकेजमध्ये डाळी बंद आहेत. डाळ बंद, दूध बंद, मग शाकाहारी बाईने प्रोटीन आणि कॅल्शियम कुठून आणायचं? आणि जंतूंना खायला काय घालायचं? जंतूंसाठी चाललेल्या रीसेटमध्ये जंतूंचंच जेवण काढून घेतलंय.

गहू बंद करण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी होते ती करून घ्यावी, पण ती गहू खात असतानाच करायची असते, सोडल्यावर रिपोर्ट फसवा येतो. टोमॅटो-वांग्याने संधिवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. तरी तुम्हाला वांगं खाल्लं की दुखतं असं वाटत असेल तर भांडत बसण्यात अर्थ नाही, दोन आठवडे सोडा, मग परत खा, आणि रोज सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती मिनिटं लागली तेवढं एका वहीत लिहा. दोनदा सोडून दोनदा खाऊन दोन्ही वेळा तेच दिसलं तर वांगं सोडा, बिघडलं काय. एका वेळी एकच पदार्थ, पाच नाही. ही वही डॉक्टरांनाही दाखवा, त्यांना रीसेटच्या वीस पानी रिपोर्टपेक्षा ती जास्त उपयोगाची वाटेल.

प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल: छोट्या अभ्यासांत थोडासा फायदा दिसलाय, सांध्यांचा आजार बदलावा इतका नाही. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतू गिळणं ही प्रत्येकासाठी निरुपद्रवी गोष्ट नसते. आणि आतड्यात ढवळाढवळ केली तर फार तर फायदा होणार नाही, तोटा तर नाही ना, असं जे आपण धरून चालतो, तेही खरं नाही. डेन्मार्कमध्ये सोरायसिसच्या संधिवाताच्या ३१ रुग्णांवर प्रयोग झाला, निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीने पोटात सोडायचे, निम्म्यांना खरे आणि निम्म्यांना नुसताच देखावा. २०२१ मध्ये निकाल आला. खरे जंतू मिळालेल्या १५ पैकी ९ जणांचा उपचार फसला, देखावा मिळालेल्या १६ पैकी ३ जणांचा. सगळ्यांनाच उलटं वाटलं होतं.

आणखी दोन गोष्टी ज्या पॅकेजमध्ये नसतात. एक, रोज कॉम्बिफ्लॅम किंवा डायक्लोसारखी दुखणं थांबवणारी गोळी घेत असाल तर आतड्याच्या अस्तराला खरं नुकसान तिथून होतं, ते डॉक्टरांना सांगा. दोन, हिरड्या. हिरडीच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस हा जंतू प्रथिनांमध्ये नेमका तोच बदल करतो ज्याच्या विरुद्ध तुमची अँटी-सीसीपी तयार झालीये. दात घासताना रक्त येतं का? वर्षात कधी स्केलिंग केलंय? त्या फीच्या कितीतरी कमी पैशांत डेंटिस्टकडचं काम होईल. घरात कोणाला मिशरीची सवय असेल तर तीही सोडवायला हवी.

सासूबाईंशी वाद घालू नका. पचन बिघडलं की आम होतो आणि वाताबरोबर सांध्यात जाऊन बसतो हे माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात लिहिलेलं आहे, हजार वर्षांहून जुनं, पोट आणि सांधे त्यांनी तेव्हाच जोडले होते. त्यांना सांगा की पोटाकडे मी लक्ष देतेय, भाकरी-उसळ तुम्हीच करून घाला, गोळीही घेतेय. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर इलाज करा, त्याने बरंच वाटेल, पण अँटी-सीसीपी काही शौचावाटे निघून जाणार नाही. वैद्यांकडे जायचं असेल तर चालू औषधांची यादी घेऊन रजिस्टर्ड वैद्यांकडेच जा. नाव नसलेल्या पुड्या नकोत, त्यात कधी स्टिरॉइड असतं आणि कधी जड धातू, आणि मेथोट्रेक्सेटवर असलेल्या लिव्हरला ते झेपणार नाही.

डॉक्टरांना पुढच्या वेळी "डाएटचा संबंध आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर पुन्हा तेच मिळेल. "मी गोळ्या चालू ठेवून भाकरी-डाळीचा चोथा वाढवतेय, मळमळीचं काय करता येईल, आणि माझी सूज आत्ता किती उतरलीये" असं विचारा, आणि सीआरपीचा, म्हणजे रक्तातून सूज दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा वहीत लिहून घ्या. नणंदबाईंना दुखवायचं नसेल तर सांगा, वर्षभर सांधे शांत राहू देत, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली बघू. फी अजून भरली नसेल तर ती भरू नका.

याच विषयावर आणखी काही पत्रं आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. ज्यांना तरुण वयात पहाटे कंबर आखडून जाग येते, हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटतं, आणि बसून राहिलं की पुन्हा दुखतं, त्यांचा आजार बहुधा वेगळा, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे पाठीच्या कण्याच्या संधिवाताच्या कुळातला असू शकतो, आणि तिथे आतड्याचा संबंध रुमॅटॉइडपेक्षाही जवळचा आहे. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या आतड्यात दुर्बिणीने तुकडा घेऊन बघितलं तर सूज सापडते, पोटाची काही तक्रार नसतानाही. तुम्हाला शौचातून रक्त-आव पडतं, वजन उतरतंय, महिनोन्महिने जुलाब आहेत, डोळा लाल होऊन दुखतो, असं काही असेल तर रुमॅटॉलॉजिस्टने विचारलं नाही तरी ते त्यांना आपणहून सांगा, कारण सांध्याच्या ओपीडीत पोटाबद्दल आणि पोटाच्या ओपीडीत पाठीबद्दल कोणी विचारेलच असं नाही. आणि ज्यांचा गुडघा जुलाबानंतर सुजलाय त्यांनी जुलाब कधी झाले ती तारीख आठवून लिहून न्यावी, गुडघ्यातलं पाणी तपासायला देण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये.